गुणण्याआधी भागून बघा

सी भाषेत अ‍ॅरे फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर उतरवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पत्ता आणि लांबी फंक्शनच्या हवाली करून मोकळं होणं. लिहिताना काही बिघडत नाही, म्हणून तो बरोबर वाटतो. प्रश्न उभा राहतो वाचताना. बाइट्सच्या रांगेत सुरुवातीला ‘पुढे इतके घटक आहेत’ असं सांगणारा आकडा असतो. तो समोरच्याचा दावा असतो, आपण मोजलेली संख्या नव्हे. हा भेद विसरण्याची किंमत आपल्या क्षेत्राने मोजलेली आहे आणि तरीही ती चूक संपलेली नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

सन मायक्रोसिस्टिम्सची एक्सडीआर ही डेटा बाइट्समध्ये मांडण्याची पद्धत १९८७ मध्ये आरएफसी १०१४ म्हणून प्रसिद्ध झाली. बदलत्या लांबीच्या अ‍ॅरेसाठी तिचा नियम स्वच्छ आहे: आधी चार बाइट्समध्ये घटकसंख्या, मग घटक. २००२ मध्ये ती राबवणाऱ्या सनच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरे वाचणाऱ्या फंक्शनमध्ये खोट सापडली. आलेली संख्या घटकाच्या आकाराने गुणायची, तेवढी मेमरी मागायची आणि भरत सुटायचं, असं ते चालत होतं. आता हा गुणाकार ३२ बिटांत करून बघा. संख्या १०७३७४१८२५, घटक ४ बाइट्सचा. खरं उत्तर ४२९४९६७३००, पण ३२ बिटांत मावतं ४२९४९६७२९५ पर्यंतच. हातात उरतात फक्त ४. मेमरी मिळते चार बाइट्सची आणि समोरचा पाठवील तेवढा डेटा तिच्या पुढे सांडत जातो. हेच कोड ग्लिबसी या सी लायब्ररीसकट अनेक प्रणालींत गेलेलं असल्याने खोटही सगळीकडे पोचली. २०१४ च्या हार्टब्लीड या त्रुटीत गुणाकारही नव्हता. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी मानली आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत स्वतःची मेमरी परत पाठवली.

म्हणून माझा आग्रह आहे की गुणण्याआधी भागावं. हातात खरोखर किती बाइट्स उरले आहेत ते बघा, त्याला रांगेतल्या एका घटकाच्या किमान आकाराने भागा. दावा त्याहून मोठा असेल तर तिथेच थांबा. बारा बाइट्सच्या संदेशाने चार जीबी मेमरी मागणं एवढ्यानेच बंद होतं. मेमरीतला घटक रांगेतल्या घटकाहून मोठा असेल, तर मेमरी मागतानाचा गुणाकार वेगळा तपासावा लागतो. तेही भागूनच.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही टोकं आमचीच, मग अविश्वास कुणावर? पण फाइल प्रोग्रामपेक्षा जास्त जगते, अर्धवट लिहिली जाते, डिस्कवर खराब होते. वेग कमी होईल, ही भीतीही टिकत नाही. हा भागाकार अ‍ॅरेमागे एकदा करायचा आहे, घटकामागे नाही. तयार लायब्ररी वापरण्याचा सल्ला मात्र चांगला आहे, मीही तो देईन. फक्त एक्सडीआरही तयार लायब्ररीच होती, हे ध्यानात ठेवून.

स्ट्रक्टचा अ‍ॅरे जसाच्या तसा उतरवू नये, याचंही कारण असंच हिशेबाचं आहे. एक कॅरॅक्टर आणि एक ३२ बिटी पूर्णांक मिळून होतात ५ बाइट्स, पण नेहमीच्या यंत्रांवर साइझऑफ सांगतो ८. मधल्या तीन बाइट्समध्ये मेमरीतला जुना कचरा असू शकतो आणि तो तुमच्या फाइलबरोबर बाहेर जातो. शिवाय वाचणाऱ्या यंत्रावर बाइट्सचा क्रम उलटा असेल तर ३२ बिटी १ चा १६७७७२१६ होतो. म्हणून एकेक बाइट शिफ्ट करून आकडा जुळवावा. आजचे जीसीसी आणि क्लँग बहुतेकदा त्याची एक-दोन इन्स्ट्रक्शन्सच करतात.

तुमच्या डिकोडरला आज एवढंच देऊन बघा: घटकसंख्येच्या जागी ४० ०० ०० ०१ हे (हेक्समधले) चार बाइट्स, आणि त्यापुढे काहीही नाही. तो मेमरी मागायला गेला, तर कोड अजून कुणाच्या हाती देऊ नका.