पैसा आणि मैदानाची परंपरा

विश्रांतवाडीतील आम्हा मुलांचा फुटबॉल-संघ वर्गणीवर चालतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी बाहेरचा खेळाडू पैसे देऊन आणावा, अशी सूचना निघाली आणि वाद पेटला. मी विरोधात होतो. मग तो संघ कोणाचा म्हणायचा, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

अमेरिकेत हा प्रश्न महाविद्यालयांनाच पडला आहे. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याचा खेळ. १८६९ साली दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला. खेळाडू हा विद्यार्थी. त्याने वेतन घेऊ नये, ही पुढे तेथील परंपरा ठरली. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शन-प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडली आणि पैशाचा ओघ वाढला. तो संस्थांना व प्रशिक्षकांना मिळे. खेळाडूच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच येई. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाईची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने प्रत्येक संस्थेला वर्षाकाठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येऊ लागली. न्याय झाला खरा. पण दुसरीकडे, पश्चिम किनाऱ्यावरील १९१५ पासूनच्या गटातील बारापैकी दहा संस्था अधिक उत्पन्नासाठी २०२४ मध्ये बाहेर पडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार तुटले.

आपल्याकडे महाविद्यालयीन सामन्यांना अशी गर्दी नसते. ती निष्ठा पाहायची तर कोल्हापूरला जावे. तेथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे आखाड्यातून मैदानावर आली. शाहू स्टेडियममध्ये पेठेचा मुलगा पेठेसाठी खेळे. पुढे मोठ्या रकमांची बक्षिसे आली, पुरस्कर्ते आले आणि बाहेरगावचे, इतकेच काय, आफ्रिकेतील खेळाडूही मानधनावर खेळू लागले. खेळाचा वेग वाढला, स्थानिक मुलांना शिकायलाही मिळाले. पण संघात जागा मोजक्याच असतात. आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे पेठेतला एक मुलगा बाकावर बसतो.

तथापि, जुन्या परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. फुकट खेळणे त्यालाच परवडते, ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर अवलंबून नसते. म्हणून खेळाडूला पैसा मिळण्यात मला गैर दिसत नाही. प्रश्न आहे तो पैसा कशावर खर्च होतो याचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तयार खेळाडू विकत घेतल्याने चषक मिळेल. खेळाडू घडविल्याने परंपरा टिकेल.

आमच्या वादाचा निकाल अखेर साधाच लागला. बाहेरचा खेळाडू आणला नाही. त्या पैशातून, अनवाणी सरावाला येणाऱ्या दोघा मुलांना बूट घेतले. पहिल्याच फेरीत आम्ही हरलो. पण हरलेला संघ आमचा होता.