भाजीपाल्याची पाण्याची गरज आणि बदलते हवामान

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर या मार्गाने शहाड येथे येते. ठाणे जिल्ह्यात भात निघाल्यावर ओलिताची सोय असेल तेथे भेंडी, काकडी, वांगी, मुळा व पालेभाज्या करण्याचा प्रघात आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु ऑक्टोबरनंतर भाजीपाल्यास लागणारे बहुतेक सर्व पाणी शेतकऱ्यालाच द्यावे लागते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मुख्यतः भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या व बारवी धरणातून सोडलेल्या पाण्यावर टिकतो, आणि त्याच पाण्यावर शहरांच्या नळयोजना अवलंबून आहेत. अशा स्थितीत पिकास किती पाणी लागते हे मोजून देणे अगत्याचे झाले आहे.

हवामानातील फरक

सन १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत अधिक सरासरी कमाल तापमानाचा मार्च महिना २०२२ चा ठरला. उलट २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईस पोहोचला. पहिल्या प्रसंगी उभ्या पिकास पाणी अपुरे पडते, तर दुसऱ्या प्रसंगी उन्हाळी पिकात पाणी साचते. म्हणून ठरावीक वारी पाणी देण्याची जुनी वहिवाट आता पुरेशी नाही.

हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पिकाची गरज नेमकी तेवढ्याच प्रमाणात वाढते असे नाही; ऊन, वारा व हवेतील दमटपणा यांवरही ती अवलंबून असते. या सर्वांचा एकत्रित परिणाम बाष्पीभवन पात्रातील पाणी रोज किती मिलिमीटर घटते यावरून कळतो.

गरज कशी काढावी

पात्रातील घटीस ०.७ ने गुणावे व येणाऱ्या संख्येस पिकाच्या वाढीच्या गुणकाने पुन्हा गुणावे. रोपावस्थेत हा गुणक सुमारे ०.५ ते ०.७, तर फुले-फळे धरण्याच्या काळात बहुतेक भाज्यांसाठी १ च्या आसपास असतो. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर, एवढे ध्यानात ठेवल्यास पुढील हिशेब सोपा होतो.

समजा, १० गुंठे भेंडी फळावर आहे आणि रोजचे बाष्पीभवन ६ मिलिमीटर आहे. पिकाची गरज ४.२ मिलिमीटर, म्हणजे रोज ४,२०० लिटर झाली. ठिबकाने दिलेल्या पाण्यापैकी ९० टक्के पिकास मिळते असे धरले, तर सुमारे ४,७०० लिटर द्यावे लागेल. पाटाने सरीत दिलेल्या पाण्यापैकी ६० टक्केच मिळते असे धरल्यास ७,००० लिटर लागेल. उष्ण वाऱ्यामुळे बाष्पीभवन ७ मिलिमीटर झाले, तर पाटाच्या पाण्याची गरज सुमारे ८,२०० लिटरवर जाते.

पाळी जवळ आणावी, पाणी जास्त देऊ नये

ऊन वाढले की एकाच पाळीत दुप्पट पाणी सोडण्याची चूक अनेकांकडून होते. मुळांच्या थरात मावते त्याहून अधिक दिलेले पाणी खाली निघून जाते आणि त्याबरोबर नत्रही वाहून जाते. साधारणपणे ३० सेंटिमीटर खोलीच्या भारी जमिनीत पिकास उपयोगी असे सुमारे ४५ मिलिमीटर, तर हलक्या वरकस जमिनीत सुमारे २४ मिलिमीटर पाणी राहते. त्यातील निम्मे संपताच पुढील पाळी द्यावी. वरील भेंडीस भारी जमिनीत ५ दिवसांनी व हलक्या जमिनीत ३ दिवसांनी पाळी येईल. उष्णतेच्या लाटेत हेच अंतर अनुक्रमे ४ व २ दिवसांवर आणावे.

पंपाचे पाणी मोजण्यास २०० लिटरचे पिंप पुरते. ते ८० सेकंदांत भरल्यास पंप ताशी ९,००० लिटर पाणी देतो. भारी जमिनीतील ५ दिवसांची पाटाची गरज ३५,००० लिटर आहे. त्यासाठी पंप सुमारे ४ तास चालवावा. लाटेच्या दिवसांत चौथ्या दिवशी साधारण तेवढाच वेळ चालवावा.

पाळीपूर्वी १५ सेंटिमीटर खोलीवरील माती मुठीत दाबून पाहावी. गोळा नीट होत असेल तर ओल शिल्लक आहे. मोकळी होऊन पडली तर पाणी द्यावे.

नाजूक अवस्था

रोपे लावताना पाणी द्यावे व तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी द्यावे. भेंडी, वांगी, टोमॅटो व काकडी यांस फुलोरा आणि फळधारणेच्या काळात ताण पडू देऊ नये. टोमॅटोस कधी ताण व कधी भरपूर पाणी मिळाल्यास फळे तडकतात आणि त्यांचे बूड काळे पडते. मात्र रात्रीच्या अति उष्णतेने होणारी फूलगळ केवळ पाणी वाढवून थांबत नाही; तेथे लागवडीची वेळच बदलावी लागते.

आपल्याकडे भाताचा पेंढा सहज मिळतो. ओळींमध्ये त्याचे आच्छादन केल्यास जमिनीवरून होणारे बाष्पीभवन घटते व तणही कमी होते. मे महिन्यापूर्वीच वाफ्यांच्या बाजूने चर काढून ठेवावेत, म्हणजे अवेळी पावसाचे पाणी मुळाशी थांबणार नाही.

पाणी कमी पडले तरी सांडपाणी मिसळलेल्या नाल्याचे पाणी भाजीस देऊ नये. वालधुनीसारख्या प्रवाहात वस्तीचे व कारखान्यांचे पाणी मिसळते. अशा पाण्यातील रोगजंतू व जड धातू पालेभाज्यांवाटे माणसाच्या पोटात जातात. पाणी अपुरे असल्यास क्षेत्र कमी करावे, पण जेवढे लावले आहे त्यास चांगले पाणी पुरवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी प्रत्येक गावात निदान एका शेतावर पिंप व घड्याळ घेऊन हे मोजमाप करून दाखवावे. आपला पंप तासाला किती पाणी देतो आणि आपल्या जमिनीत किती पाणी मावते, या दोन गोष्टी शेतकऱ्यास कळल्या म्हणजे बदलत्या ऋतूत पाळी केव्हा द्यावी याचा निर्णय तो स्वतःच घेऊ शकेल.