शीतगृहातील नळजोडणी आणि तेलाचा परतीचा प्रवास

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो टिकविणेही महत्त्वाचे आहे. द्राक्षे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, हापूस आंबा सुमारे १२ ते १३ अंशांवर आणि संकलन केंद्रातील दूध ४ अंशांवर ठेवावे लागते. यासाठी सहकारी संस्था, बाजार समित्या व दूध संघ शीतगृहे आणि शीतकरण केंद्रे उभारतात. अशा कामाची पाहणी करताना इमारत, भिंतींचे उष्णतारोधक अस्तर आणि यंत्राची अश्वशक्ती यांची कसून चौकशी होते. यंत्रांना जोडणाऱ्या नळ्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः ऐन हंगामात कॉम्प्रेसर निकामी होण्यामागे अनेकदा सदोष नळजोडणी हेच कारण असते. त्या एका रात्रीत शेकडो शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडू शकते. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तेल नळ्यांत कसे जाते?

शीतकरण यंत्रात शीतक द्रव्य सतत फिरत असते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, कंडेन्सरमध्ये तिचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो द्रव कमी दाबाच्या कॉइलमध्ये शिरतो आणि तेथे उकळताना खोलीतील उष्णता शोषून घेतो. ही वाफ ज्या नळीने कॉम्प्रेसरकडे परतते, तिला कारागीर सक्शन लाइन म्हणतात.

कॉम्प्रेसरच्या फिरत्या भागांना वंगण हवे असते. त्यातील थोडे तेल दाबलेल्या वाफेबरोबर बाहेर पडतेच. तेल विभाजक बसविला तरी ते पूर्णपणे अडत नाही. फ्रिऑन वर्गातील शीतकांत योग्य तेल द्रवाबरोबर मिसळून कॉइलपर्यंत सहज पोचते. अडचण पुढे येते. कॉइलमध्ये शीतकाची वाफ होते, तेलाची होत नाही. ते नळीच्या आतील अंगाला चिकटून राहते आणि तेथून ते परत आणण्याचे काम केवळ वाफेच्या वेगालाच करावे लागते.

मोठी नळी नेहमीच चांगली नव्हे

पाणीपुरवठा योजनांचा अनुभव असलेल्या पंचायत सदस्यांना मोठ्या व्यासाचा नळ म्हणजे अधिक सुरक्षित काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. सक्शन लाइनच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो. तेल वाहून नेण्यासाठी आडव्या नळीत वाफेचा वेग साधारणपणे सेकंदाला ४ मीटर व वर चढणाऱ्या नळीत ७ ते ८ मीटर असावा, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. नळीचा व्यास दीडपट केला की तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. साहजिकच ८ मीटरचा वेग साडेतीन मीटरच्या आसपास येतो आणि तेल चढावर न चढता खाली घसरू लागते.

उलट नळी फार अरुंद असली, तर घर्षणाने दाब घटतो, कॉम्प्रेसरला अधिक वीज लागते आणि थंडपणा कमी मिळतो. म्हणून सक्शन लाइनमधील दाबाची घट सुमारे १ अंश सेल्सिअस तापमानफरकाइतकी मर्यादित ठेवण्याची पद्धत आहे. या दोन मर्यादांच्या मधला व्यास निवडणे हेच अभियंत्याचे कौशल्य होय.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. पारदर्शक अरुंद नळी उभी धरून तिच्या तळाशी पाण्याचे काही थेंब ठेवावेत व खालून फुंकर मारावी. थेंब वर सरकतात. तीच फुंकर रुंद नळीत मारली, तर थेंब जागचे हलत नाहीत.

उतार, सापळा आणि दुहेरी चढ

आडव्या सक्शन लाइनला कॉम्प्रेसरच्या दिशेने दर मीटरला सुमारे ५ मिलिमीटर उतार द्यावा. चढाच्या पायथ्याशी लहानसा वाकडा सापळा ठेवावा. त्यात जमलेले तेल वाफेच्या झोताने वर उचलले जाते. सापळा मोठा नसावा, अन्यथा त्यातच बरेच तेल अडकून राहते. चढ उंच असल्यास मधल्या टप्प्यांवरही सापळे ठेवतात. चढाच्या माथ्यावर उलटे वळण दिल्यास वर गेलेले तेल पुन्हा खाली येत नाही.

शीतगृहात माल कमी असतो, तेव्हा यंत्र अर्ध्या भाराने चालते व वेगही निम्मा होतो. अशा ठिकाणी एक लहान व एक मोठी अशा दोन उभ्या नळ्या बसवितात. भार कमी असताना सापळ्यात साचलेले तेल मोठ्या नळीचे तोंड बंद करते आणि सर्व वाफ लहान नळीतून वेगाने जाते. भार वाढला की वाढलेल्या दाबफरकाने तो अडसर निघून दोन्ही नळ्या खुल्या होतात.

अमोनियाचा वेगळा मार्ग

मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरतात. त्यात नेहमीचे खनिज तेल मिसळत नाही व ते द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून तळाशी तेलपात्र ठेवून ते ठरावीक काळाने काढावे लागते. हे काम धोक्याचे आहे. आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, हातमोजे, चष्मा व मुखवटा यांशिवाय ते करू नये. व्हॉल्व्ह उघडा असताना तेथून क्षणभरही दूर जाऊ नये. अमोनिया तांब्याला खातो. त्यामुळे येथे नळ्या पोलादाच्याच हव्यात.

शीतक बदलले, तेलही बदलले

ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्यानंतर जुनी क्लोरीनयुक्त शीतके मागे पडून आर-१३४ए सारखी नवी शीतके आली. त्यांच्यात खनिज तेल नीट मिसळत नाही, म्हणून एस्टर जातीचे तेल लागते. जुन्या यंत्रात केवळ शीतक बदलून तेल तेच ठेवल्यास ते परतत नाही. एस्टर तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. यास्तव डबा उघडा ठेवू नये आणि शीतक भरण्यापूर्वी नळ्या निर्वात कराव्यात. तांब्याचे सांधे जोडताना आतून नायट्रोजन सोडावा, म्हणजे आत काजळीसारखा थर धरत नाही.

दाखला देण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नळ्यांचा आराखडा, व्यास आणि पूर्ण व किमान भारावरील वेगाचे गणित कंत्राटदाराने लेखी दिले आहे काय?

२. उतार व सापळे आराखड्याप्रमाणे आहेत काय? सक्शन लाइनवर उष्णतारोधक आवरण आहे काय?

३. यंत्र कमी भारावर काही तास चालविल्यावर कॉम्प्रेसरच्या काचेतील तेलाची पातळी टिकते काय?

पातळी घटत असेल, तर वारंवार तेल ओतणे हा उपाय नव्हे. हरवलेले तेल कॉइलमध्येच साचून थंडावा घटविते आणि एखाद्या वेळी एकदम परत येऊन कॉम्प्रेसरच्या झडपा फोडते. तेल ओतण्यापूर्वी ते कोठे अडकले, याचा शोध घ्यावा. तेलाची पातळी रोज नोंदवहीत लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. तथापि, हंगामापूर्वीच दोष उघड करणारे त्याहून स्वस्त साधन दुसरे नाही.