पेशीचे मरण आणि तिच्या पटलावरील तराफे

गर्भावस्थेत मानवी हाताची बोटे प्रथम पातळ पडद्याने जोडलेली असतात. ठरलेल्या वेळी पडद्यातील पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. जखमेने मरणारी पेशी फुगून फुटते व भोवती दाह निर्माण करते. ही मात्र आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी या नियोजित मरणास पानगळीच्या ग्रीक शब्दावरून ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले.

मरणाचा हुकूम पेशीस अनेकदा तिच्या पटलावरच मिळतो. पेशीपटल म्हणजे मेदाचा प्रवाही थर व त्यात तरंगणारी प्रथिने, असे सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्येच मांडले होते. हा थर सर्वत्र सारखा नसून त्यात कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडे यांनी घट्ट झालेले ‘तराफे’ असतात, असे सायमन्स व इकोनेन यांनी १९९७ मध्ये प्रतिपादन केले. ते जेमतेम १० ते २०० नॅनोमीटरचे असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. साहजिकच त्यांच्या अस्तित्वाविषयी दीर्घकाळ वाद झाला.

मरणाचा निरोप घेणाऱ्या एका ग्राही प्रथिनाचे नाव ‘फास’ आहे. मराठी वाचकास ते अन्वर्थक वाटावे, हा निव्वळ योगायोग! विखुरलेल्या सभासदांनी ग्रामसभेचा ठराव होत नाही, त्यासाठी गणपूर्ती लागते; तसेच येथे घडते. निरोप येताच एक विकर पटलातील स्फिंगोमायलिनचे सेरामाइडमध्ये रूपांतर करते, लहान तराफे एकत्र येतात आणि त्यांवर फासची दाटी होते. मग आतील बाजूस कॅस्पेझ-८ चे रेणू जवळ येऊन एकमेकांना कार्यान्वित करतात व पेशीच्या विघटनास प्रारंभ होतो.

कर्करोगाच्या पेशी हा हुकूम चुकवितात, म्हणून या ज्ञानाचे महत्त्व. एडेलफोसिन हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत फासला तराफ्यांवर गोळा करते व पेशी मरतात, असे २००१ मधील प्रयोगांत आढळले. पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेताच हा परिणाम मंदावला. यावरून आहाराविषयी अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. प्रयोग काचपात्रातील पेशींवरचे होते. शिवाय पेशीस जगविणारे संदेशही याच तराफ्यांवरून जातात. त्यामुळे काही कर्करोगपेशी कोलेस्टेरॉल काढल्यानेच मरतात. आणि फासचा निरोप मिळताच तराफ्यांवर फारसे न विसंबता, तंतुकणिकांमार्फत मरणाची वाट धरणाऱ्या पेशीही आहेत.