तुणतुण्याची काठी कलली तर

दिवाळी होते. धान घरी येते. मग झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत रात्र रात्र नाटके चालतात. दंडार होते, खडी गंमत होते. या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

खडी गंमतीत शाहिराच्या मागे तुणतुणेवाला उभा असतो. त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण सूर त्याच्याच हातात असतो. सूर उतरला की गाणे फसते. गाणे फसले की पुढच्या वर्षी त्या गावची सुपारी दुसऱ्या पार्टीला जाते.

“तार काहून उतरते गा?” असे विचारले, तर बहुतेक जण खुंटीला दोष देतात. काही जण तार बदलतात. नवी तारही उतरते! अशा वेळी काठी बघा.

तुणतुणे कसे असते? एक पोकळ लाकडी नळकांडे. त्याचे तोंड वर उघडे, खाली चामडे. नळकांड्याच्या बाहेरून एक काठी ठोकलेली. चामड्याच्या मध्यातून तार निघते आणि काठीच्या वरच्या खुंटीला जाते. ही तार काठीला सारखी आत ओढते. काठी नळकांड्याच्या काठावर टेकलेली असते. म्हणून ती पहारेसारखी चालते. वरचे टोक आत झुकते, खालचे टोक बाहेर उचलते. त्यामुळे सगळ्यात खालचा खिळा किंवा स्क्रू आधी ढिला होतो. तिथे बोट ठेवा आणि काठी हलवा. हालचाल बोटाला कळते.

दुरुस्ती करताना प्रथम तार सोडा. ताणलेली तार सुटली तर डोळ्याला लागेल. मग स्क्रू काढा. भोक मोठे झालेले दिसेल. इथे पुष्कळ लोक जाडा खिळा ठोकतात. तसे करू नका. काठी बांबूची असेल, तर ती उभी चिरते. कागद कोंबूनही भागत नाही. कागद दबतो, काठी पुन्हा कलते.

वाळलेल्या सागाची बारीक खुंटी तासा. आपल्या भागात सागाचा तुकडा कोणत्याही सुताराकडे मिळतो. तिला सुतारकामाचा गोंद लावा आणि नळकांड्याच्या भोकात घट्ट बसवा. रात्रभर हात लावू नका. बाहेर आलेले टोक सकाळी कापा. गिरमिटाने नवे भोक पाडा. ते स्क्रूपेक्षा बारीक हवे. स्क्रूला थोडा साबण लावला की तो लाकूड न फाडता आत जातो. दोन स्क्रू असतील तर ते एकमेकांपासून जितके लांब, तितकी काठी पक्की. वरून मजबूत दोऱ्याचे चार-पाच वेढेही द्या, पण चामड्यापासून दूर.

नळकांडे पत्र्याचे असेल, तर लाकडाची खुंटी काय कामाची? तिथे आरपार बोल्ट घाला. आतून वायसर ठेवून नट आवळा.

हे दुखणे एकट्या तुणतुण्याचे नाही. इलेक्ट्रिक गिटारचे अंग लाकडी असते. पुष्कळ गिटारींत तारांखालची घोडी दोन धातूच्या खांबांवर उभी असते. ते खांब लाकडातल्या भोकांत बसवलेले असतात. सहा तारांची मिळून ओढ सुमारे ४० ते ५० किलो. आपल्या तुणतुण्याला तार एकच! ओढ नेहमी एकाच बाजूला असल्यामुळे भोकाची ती कड दबते आणि खांब पुढे कलतात. तिथेही कारागीर भोक कठीण लाकडाने भरतात आणि नव्याने सरळ पाडतात.

काम झाले की तार एकदम ताणू नका. थोडी चढवा, थांबा, पुन्हा चढवा. सुरात आली की अर्धा तास वाजवून पाहा. काठीच्या खालच्या टोकाशी, नळकांड्यावर, पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा. टोक रेघेवरून हलले नाही, तर तुणतुणे मंडईला न्यायला हरकत नाही.