शिफा मिळाली, आता परीक्षा



सूरह यूनुसच्या १२ व्या आयतीत मानवी स्वभावाचे एक बोलके चित्र आहे. दुःखाच्या प्रत्येक अवस्थेत अल्लाहचा धावा करणारा माणूस दुःख सरताच ती हाक विसरतो. आजारपण ही परीक्षा आहेच. पण बरे होणे ही त्याहून कठीण परीक्षा आहे.

१४ एप्रिल २०२१ रोजी रमजान सुरू झाला तेव्हा नागपुरात कोरोनाची दुसरी लाट होती. खाट आणि प्राणवायू यांसाठी लोक वणवण फिरत होते. आमच्या मोहल्ल्यातील एक बुजुर्ग त्या दिवसांत मृत्यूच्या दारातून परतले. काही महिने ते फजरला पहिल्या सफमध्ये दिसत. मग त्यांची जागा रिकामी राहू लागली. भेटीत त्यांनीच खाली मान घालून कबूल केले की, तेव्हा प्रत्येक श्वासागणिक अल्लाह आठवत असे. आता श्वास सहज येतो, म्हणून आठवण होत नाही.

ही कबुली आपल्यापैकी अनेकांची आहे. बुखारी व मुस्लिम शरीफमध्ये बनी इस्राईलमधील तिघांची हकिकत आहे. एक कोडाचा रुग्ण, एक टकला, एक अंध. अल्लाहने फरिश्त्याकरवी तिघांना शिफा आणि संपत्ती दिली. पुढे तोच फरिश्ता गरजवंताच्या रूपात आला. पहिल्या दोघांनी आपली संपत्ती वाडवडिलांची असल्याचे सांगून त्याला परत पाठवले. एकेकाळी अंध असलेल्याने मात्र आपली जुनी अवस्था मान्य केली आणि हवे ते घेऊन जाण्यास सांगितले. तोच उत्तीर्ण झाला. कृतज्ञतेचे मूळ स्मरणात आहे.

शुक्र अंतःकरणाने, जिभेने आणि कृतीने होतो. शिफा देणारा अल्लाहच, ही हजरत इब्राहीम (अ.) यांची श्रद्धा (सूरह शुअरा, ८०) अंतःकरणात असावी. उपचार घेणे या श्रद्धेच्या विरोधात नाही, प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आहे. जिभेवर अल्लाहची स्तुती असावी आणि डॉक्टर, परिचारिका, सेवा करणारी पत्नी व मुले यांचे आभारही. लोकांचे आभार न मानणारा अल्लाहचाही शुक्र करीत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

कृतीचा शुक्र सर्वांत जड. आजारपणात सुटलेले रोजे बरे झाल्यावर पूर्ण करावेत (सूरह बकरह, १८५). राहिलेल्या नमाजांची कजा करावी. खाटेवर मानलेली नजर फेडावी. आणि आता दुसऱ्या रुग्णाच्या उशाशी जाऊन बसावे. त्याच रमजानमध्ये नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वखर्चाने रुग्णालयांना प्राणवायू पुरवला आणि शासनाकडून पैसे परत घेण्यास नकार दिला. निरोगी देहाचा आणि संपत्तीचा शुक्र असाही अदा होतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. जे वाचले नाहीत ते अल्लाहला कमी प्रिय होते, असे कदापि समजू नये. साथीच्या रोगात मरण पावणाऱ्या श्रद्धावंताला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा सांगितला आहे. आपण वाचलो, ते श्रेष्ठ म्हणून नव्हे. आपल्याला मुदत मिळाली आहे, आणि मुदतीचा हिशेब द्यावा लागतो.

ते बुजुर्ग आता पुन्हा फजरला येतात, खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. अल्लाह तआला आजाऱ्यांना शिफा देवो आणि निरोगी असलेल्यांना त्यांची खाटेवरची वचने आठवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.