भीक, भिक्षा आणि हक्क

उपासक-उपासिकांनो,

बाजारात, स्टेशनवर, चौकात कोणी आपल्यापुढे हात पसरतो. आपण तोंड फिरवतो आणि घरी येऊन म्हणतो, "सरकारने या लोकांना एकदाचे उचलून न्यावे." विहारातून नुकतेच परतलेले आपले लोकही असे म्हणतात. हे मत धम्माला धरून आहे काय, याचा विचार आजच्या पाठात करू.

उचलून नेण्याचा कायदा जुनाच आहे. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा 1959 साली झाला. पुढे तो दिल्लीलाही लागू करण्यात आला. या कायद्याने पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे अडकवून ठेवता येते. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. गाणे, नाच, खेळ वा भविष्य सांगण्याच्या निमित्ताने पैसे घेणे हीसुद्धा या कायद्याने भीकच आहे. म्हणजे डोंबारी, नंदीवाले, कुडमुडे जोशी यांना जातीने जो धंदा लावून दिला, तोच कायद्याने गुन्हा ठरवला. त्याऐवजी दुसरा धंदा मात्र दिला नाही.

आपल्या दीक्षाभूमीच्या नागपुरातही मार्च 2023 मध्ये पोलिसांनी कलम 144 खाली चौकांत भीक मागण्यास मनाई केली. पुष्कळांना बरे वाटले. त्रास होतो ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण चौकातून हटवलेला माणूस संध्याकाळी काय खाणार, हे किती जणांनी विचारले?

आपले राज्य कल्याणकारी आहे. बेकारी, म्हातारपण, आजार व अपंगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे साहाय्य करावे, असे संविधानाचे कलम 41 सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. पण म्हणून राज्याचे कर्तव्य संपत नाही. राज्याने ते पाळले नाही आणि माणूस रस्त्यावर आला, तर दोष कोणाचा? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये, भीक मागणे हाच गुन्हा मानणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यांना शिक्षा देणारे कलम मात्र कायम राहिले. हा भेद ध्यानात ठेवा.

श्रीमंत देशांतही हाच प्रश्न आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे एका अत्यंत गरीब, निरक्षर रोमा स्त्रीला भीक मागितली म्हणून 500 फ्रँक दंड झाला. तो भरता आला नाही म्हणून पाच दिवस कैद झाली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये ही शिक्षा तिच्या मानवी प्रतिष्ठेला धक्का देणारी ठरवली.

आता धम्माकडे वळू. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात लुटालूट माजते, तेव्हा राजाला सल्ला मिळतो तो शिक्षेचा नव्हे. शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, नोकराला वेतन द्यावे, म्हणजे उपद्रव आपोआप शमेल, असा तो सल्ला आहे. चोरांबाबत जर असे, तर ज्याने कोणाचे काही चोरले नाही त्या भुकेल्याबाबत काय?

कोणी विचारील, भिक्खूही मागतातच ना? नाही. भिक्खू मुकाट्याने दारी उभा राहतो, मिळेल ते घेतो आणि समाजाला धम्म देतो. ती भिक्षा होय. लाचारीने मागावी लागते ती भीक. धम्मपदातही हा भेद केलेला आहे.

आपल्या वाडवडिलांनीही गावात दारोदार भाकरी मागितली. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस व उष्टे अन्न टाकून द्यायला सांगितले, आणि समाज ताठ उभा राहिला. पण बाबासाहेबांनी मागणाऱ्याला तुरुंगात घाला असे सांगितले नाही. त्यांनी त्याला शिक्षण, जमीन व नोकरी मिळवण्याची वाट दाखवली. ज्या लाचारीतून आपण बाहेर आलो, तिच्यात अडकलेल्याचा तिरस्कार करणे हा स्वाभिमान नव्हे.

मग करायचे काय? नाणे टाकून सुटका करून घेऊ नका. वस्तीतील निराधार म्हातारी, विधवा, अपंग यांची यादी विहारात करा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून द्या आणि त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जा. मूल मागताना दिसले तर ते कोणत्या शाळेत जाते ते विचारा.

घरी चर्चा करा : आपल्या घरातील कोणी कधी दारोदार मागितले होते काय? त्यावेळी त्यांना कशाची गरज होती, शिक्षेची की आधाराची?

जयभीम.